सोयाबीनच्या क्विंटलमागे २५ रुपये कापायचे का? माझं मत



आजच्या मेसेजमध्ये फवारणी नाही, खत नाही. वार्षिक सभेपुढे एक विषय आहे: कंपनीमार्फत विकलेल्या सोयाबीनच्या क्विंटलमागे २५ रुपये कापून संशोधन आणि बाजारासाठी निधी उभा करायचा. यावर बरेच फोन आले. एक काका सरळच म्हणाले, "भाव आधीच पडलेत, त्यात तुम्ही अजून कापा." त्यांचा राग बरोबर आहे. तरी मी या निधीच्या बाजूने आहे. का, ते सांगतो.

मका किंवा टोमॅटोचं संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. म्हणून बियाणे कंपन्या त्यावर पैसा लावतात. सोयाबीनचं तसं नाही. ते सरळ वाण. उगवण ७० टक्क्यांच्या वर असेल तर घरचंच बी आपण पेरतो, आणि तेच बरोबर आहे. पण मग कंपनीला यात दरवर्षी काय मिळणार? त्यामुळे सोयाबीनचं बरंचसं काम सरकारी संस्थांवर पडतं. फुले संगम आणि फुले किमया राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्राने दिले, एमएसीएसचे वाण पुण्याच्या आघारकर संस्थेने. ही कामं मोठी आहेत. पण त्यांनी वाण काढला म्हणजे तो ओझरच्या रानात, कांद्याच्या आधी कसा बसतो, हे त्यांनी येऊन बघावं अशी अपेक्षा चुकीची आहे.

इथे माझीच चूक सांगतो. मागे एका खरिपात मी काही सभासदांना जास्त उत्पादनाचा म्हणून एक वाण सुचवला. उत्पादन चांगलं आलं. पण तो दहा-बारा दिवस उशिरा निघाला, कांद्याची लागण पुढे गेली, आणि सोयाबीनने दिलं ते कांद्याने नेलं. आपल्या भागातल्या दोन-तीन रानांत आधी तुलना केली असती तर हे घडलं नसतं. अशा चाचणीला फार पैसा लागत नाही, पण थोडा लागतोच, आणि तो आज कुणाच्याच खात्यात नाही.

वर्गणी काढून संशोधन ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांनी उभी केली, आणि कारखान्यांच्या वर्गणीवर ती चालत आली. उसाचं मूलभूत बियाणं, ऊतिसंवर्धित रोपं, माती परीक्षण तिथून मिळतं. उसाला कारखाना आहे म्हणून हे जमलं. सोयाबीनला आपली कंपनी सोडली तर कोण आहे?

अमेरिकेत सोयाबीनवालेच हे करतात. १९९१ पासून तिथे पहिल्या विक्रीच्या वेळीच किमतीच्या अर्धा टक्का रक्कम कापली जाते. त्यातली निम्मी राज्यातच राहते, निम्मी देशाच्या मंडळाकडे जाते, आणि मंडळावर शेतकरी असतात. त्या पैशातून वाणांवर काम होतं, नवे ग्राहकही शोधले जातात. २०१७ मध्ये गुडइयरने सोया तेल वापरलेला टायर बाजारात आणला, त्यामागे हाच निधी होता. आपल्याकडे ५,३२८ रुपये हमीभाव (२०२५-२६) धरला तर अर्धा टक्का म्हणजे साधारण २६ रुपये ६४ पैसे. म्हणजे आपला आकडा वेडावाकडा नाही. दहा क्विंटल विकणाऱ्याचे २५० रुपये जातील.

पण तिथलं सगळंच घेण्यासारखं नाही. तिथे कपात सक्तीची आहे. डुकरं पाळणाऱ्यांकडूनही अशीच कपात होते. २००० साली त्यांनी बहुमताने ती नको म्हणून मत दिलं, तरी ती चालूच राहिली. असं आपल्याकडे होता कामा नये. म्हणून माझा पाठिंबा अटींसह आहे. पैसा वेगळ्या खात्यात राहावा, त्यातून पगार (माझाही) किंवा गाडीचं डिझेल निघू नये. काय तपासायचं ते सोयाबीन घालणाऱ्या सभासदांनी ठरवावं. ज्याला नको त्याला हंगामाच्या शेवटी अर्ज केल्यावर पैसे परत मिळावेत. आणि दर तीन महिन्यांनी हिशोब याच मेसेजवर यावा.

बाजाराचं म्हणाल तर टायर वगैरे आपल्या आवाक्यातलं नाही. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. म्हणून भाव कोंबडी खाद्याच्या मागणीवर बराच हलतो, तो आपण हलवू शकत नाही. पण ओलावा मोजायचं चांगलं यंत्र आपलं असावं. हमीभाव केंद्राचा निकष १२ टक्क्यांचा, व्यापारी हातात मूठभर दाणे घेऊन "ओला आहे" म्हणतो आणि आपण मान खाली घालतो. आपल्याकडे वजन आणि ओलाव्याची पावती असेल तर बोलता तरी येईल. माझ्या मते पहिल्या वर्षी एवढं यंत्र आणि तीन रानांतली वाणांची तुलना, बास.

सभेत विरोधात बोलायचं असेल तर जरूर बोला, न बोलता घरी जाऊ नका. येताना गेल्या खरिपातली सोयाबीनची पेरणीची तारीख, काढणीची तारीख आणि कांद्याची लागण कधी झाली, एवढं चिठ्ठीवर लिहून आणा. निधी झाला नाही तरी ते मला लागणार आहे.

– आपला कृषी सल्लागार