बर्फावरचे विमान आणि भांडगावचा पाऊस

उत्तर ध्रुवाच्या समुद्रावर तेलाच्या शोधात विमाने फिरतात, याचे भांडगावच्या कांदा उत्पादकाला काय सोयरसुतक, असा प्रश्न कुणीही विचारील. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर वाटते तितके सोपे नाही. कारण तेलाची लूट असो की वाटणी, तिची सुरुवात विहीर खोदण्यापासून होत नाही. ती सर्वेक्षणापासून होते आणि नेमक्या त्याच वेळी सर्वसामान्य माणसाला कुणी विचारत नाही.

ध्रुवीय समुद्रात वर्षातील बराच काळ बर्फ असतो, जहाज चालत नाही. म्हणून विमान वापरतात. विमानाला चुंबकत्व आणि गुरुत्वाकर्षण मोजणारी यंत्रे लावून ते ठरावीक अंतराच्या समांतर रेषांवर खालून उडवले जाते. विमानाला तेल दिसत नाही. खोलवरचा जुना खडक जास्त चुंबकीय असतो, तर त्यावर साचलेला गाळाचा खडक जवळपास नसतो. या फरकावरून गाळाचा थर किती जाड आहे याचा अंदाज बांधतात. जिथे जाड गाळ, तिथे तेलाची शक्यता. मग त्या जागी जहाज नेऊन ध्वनिलहरींनी बारकाईने तपासणी करतात आणि शेवटी विहीर खोदतात. दौंड तालुक्याच्या जमिनीखाली लाव्हाचा काळा कातळ आहे. तो स्वतःच चुंबकीय असल्याने त्याखाली काय दडले आहे हे अशा यंत्रांना सहज कळत नाही.

आपल्या दारातले उदाहरण मुंबई हायचे आहे. १९६० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने समुद्रात सर्वेक्षण झाले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने केलेल्या खोदकामात तेल लागले. संविधानाच्या अनुच्छेद २९७ नुसार समुद्राखालची संपत्ती केंद्र सरकारकडे असते आणि अनुच्छेद ३९(ब) सांगतो की, भौतिक साधनांची वाटणी सर्वांच्या हितासाठी व्हावी. तेल सार्वजनिक कंपनीच्या हाती आले, ही जमेची बाजू. पण सर्वेक्षणाच्या काळात जाळी उचलावी लागणाऱ्या मच्छिमारांचे काय? पालघर-रायगडच्या मच्छिमारांना नुकसानभरपाईसाठी वारंवार भांडावे लागले. संपत्ती सर्वांची आणि झीज मात्र मूठभरांची, हा कुठला न्याय?

आता ध्रुवाकडे वळू. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २००८ मध्ये अंदाज दिला की, आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला सुमारे ९० अब्ज पिंप न सापडलेले तेल असावे आणि तिथल्या तेल-वायूचा सुमारे ८४ टक्के भाग समुद्राखाली असावा. रशियाच्या उत्तरेला असलेल्या कारा समुद्रात २०१४ मध्ये तेल सापडलेही. याच कारा समुद्राविषयी गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथला उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी होणे, यांत संबंध असू शकतो असे त्यात मांडले आहे. हा अंतिम निकाल नव्हे. पण हाताशी आलेला कांदा परतीच्या पावसात कुजताना ज्याने पाहिला, त्याला हा संबंध तपासून घेण्याचा हक्क नक्कीच आहे.

विसंगती पाहा. भारत सरकारचेच शास्त्रज्ञ बर्फ वितळण्याची चिंता करतात आणि त्याच सरकारच्या मार्च २०२२ च्या आर्क्टिक धोरणात तिथल्या नैसर्गिक संपत्तीच्या शोधात सहभागाची इच्छाही आहे! दक्षिण ध्रुवावर निदान कायदा तरी आहे. १९९१ च्या माद्रिद करारानुसार तिथे खनिजविषयक कामाला बंदी आहे, फक्त शास्त्रीय संशोधनाला मुभा आहे. पण विमान तेच, यंत्रही तेच! मग संशोधन कोणते आणि धंदा कोणता हे कसे ओळखायचे? अंटार्क्टिक करारच कसोटी देतो : संशोधनाचे निष्कर्ष सर्वांना खुले असले पाहिजेत. कुलपात ठेवलेली माहिती म्हणजे धंद्याची पूर्वतयारी.

उत्तर ध्रुवाकडे असा सर्वंकष करार नाही. तिथे किनाऱ्यावरच्या माणसांनाच लढावे लागते. कॅनडातील क्लाईड रिव्हर हे इन्युइट आदिवासींचे छोटे गाव. त्यांच्या समुद्रात जहाजाने ध्वनिलहरींचे सर्वेक्षण करण्यास २०१४ मध्ये परवानगी मिळाली. गावाने प्रश्न विचारले, तेव्हा उत्तरादाखल ३,९२६ पानांचा दस्तऐवज आला आणि त्यातला अगदी थोडा भाग त्यांच्या भाषेत होता. गाव सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने गावाशी केलेली सल्लामसलत अपुरी ठरवून ती परवानगीच रद्द केली. एक थेंब तेल निघण्याआधी, केवळ सर्वेक्षणाच्या टप्प्यावर!

आपल्याकडे उलटी गंगा वाहते. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने तेल-वायू शोधाचे प्रकल्प अशा वर्गात टाकले, ज्यात जनसुनावणीची गरजच उरत नाही. त्याच वर्षी पर्यावरण परिणाम अधिसूचनेचा मसुदा आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये उपलब्ध करावा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. ज्याची भाषा कळत नाही त्या कागदावर हरकत कशी घ्यायची?

म्हणून मागणी साधी आहे. शोध जमिनीवर असो वा समुद्रात, बाधितांची सुनावणी सर्वेक्षणाच्या आधी आणि त्यांच्या भाषेत व्हावी. सार्वजनिक पैशातून गोळा झालेली माहिती सार्वजनिक असावी. जमिनीखाली काय आहे हे ज्याला आधी कळते, तोच पुढे जमिनीचा मालक होतो. हे आपल्या बापजाद्यांनी मोजणीच्या साखळीपासून अनुभवले आहे. आता साखळीच्या जागी विमान आले आहे, एवढाच फरक!