आरोग्य : गुडघ्याचे ऑपरेशन आणि नस



कबड्डीत किंवा ओझे उचलताना गुडघा पिरगळला की आतली अर्धचंद्रासारखी गादी फाटू शकते. ती दुर्बिणीतून शिवता येते. भोके लहान असली, तरी जवळून दोन नसा जातात. आतल्या बाजूची नस टाक्यात सापडली तर पोटरीची आतली बाजू बधिर होते, आग होते. बाहेरच्या बाजूची दुखावली तर पाऊल वर उचलत नाही. मग हमालाची, गवंड्याची रोजीच जाते.

म्हणून बाहेरची बाजू शिवताना सर्जन गुडघा काटकोनात वाकवतात. नस मागे सरकते. सुई आतून बाहेर काढायची असेल तर मागे छोटा छेद घेऊन चमच्यासारखे हत्यार आड धरतात.

ऑपरेशनपूर्वी न लाजता विचारा, ‘डॉक्टरसाहेब, नस कशी सांभाळणार?’ कमरेतल्या इंजेक्शनचा अंमल उतरला की पाऊल व बोटे वर उचलून पाहा. जमत नसेल तर तत्काळ सांगा. घट्ट पट्टीनेही नस दबते. ती लगेच सैल करून घ्यावी लागते. सकाळवर टाकू नका.

तथागतांनी अप्रमाद शिकवला. तो दवाखान्यातही पाळावा.