चाक गरम, ब्रेक नरम

पावसाळा सरला की तारनाक्याच्या आमच्या गल्लीत ताडपत्रीखालच्या गाड्या बाहेर निघतात. यंदा भाच्याची जुनी दोन सीटांची स्पोर्ट्स कार निघाली. (गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ज्यांना आठवते, त्यांना हे वेड समजावून सांगायला नको.) हबसिगुड्याला जाऊन येईपर्यंत गाडी डावीकडे ओढू लागली, पुढच्या डाव्या चाकाला जळका वास. रविवारी बायकोला घेऊन अनंतगिरीच्या घाटात जायचा त्याचा बेत होता.

मेकॅनिकने फोनवरच सांगितलं, "कॅलिपर बदला." जुन्या गाडीचा कॅलिपर शोधायचा म्हणजे नवस बोलण्यासारखं. म्हणून आधी तपासणी.

जॅक लावून खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. भाच्याने ब्रेक दाबून सोडला, चाक हाताने फिरेना. मग कॅलिपरवरचा ब्लीड निपल जरासा सैल केला. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग जातो. एवढ्याने चाक सुटलं तर दाब आत अडकलाय. नाही सुटलं तर पिस्टन किंवा सरकत्या पिना जाम आहेत. आमचं लगेच सुटलं. निपल आवळून पुन्हा ब्रेक दाबला आणि या वेळी होज पाइपच्या वरचा जोड सैल केला. चाक जाम ते जामच! म्हणजे दाब होज पाइपच्या खालीच अडकत होता. बाहेरून पाइप ठीक दिसतो, आतून रबर फुगलेलं असतं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परतताना तेवढा जोर नसतो.

असाच घाट उतरला असता तर? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट-४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की ही हमी १५५ वर येते. चिकटलेल्या ब्रेकला तेवढं तापायला वेळ लागत नाही. ऑइलची वाफ झाली की पेडल थेट खाली जातं, गाडी थांबत नाही. गाडी उभी असो वा पळती, दर दोन वर्षांनी ऑइल बदलाच.

पुढचे दोन्ही होज पाइप आणि ऑइल बदललं, हवा काढली, चाक मोकळं फिरलं. घाट मात्र एक रविवार पुढे ढकलला. आधी गावातच फिरवून दोन्ही चाकांची गरमी ताडून बघ, असं भाच्याला सांगितलंय.