वाचायचं सगळ्यांनी, लिहायचं कुणी?

आमची भाची इंदापूरहून एसटीने बारामतीला कॉलेजात जाते. बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय इंग्रजी. घरात दखनी, मक्तबात अरबी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. परवा तिला म्हटलं, "ऑथेल्लो वाचलंस ना? मग त्याच्या आईने त्याला लिहिलेलं पत्र लिही, इंग्रजीत." ती म्हणाली, "मामू, ऐसा सवाल पेपर में आता नहीं."

खरंय. पेपरात येतो तो 'शोकनायक ऑथेल्लो'. तो तिला पाठ आहे, गाईडच्या वाक्यांत. चार भाषा येणाऱ्या मुलीकडे स्वतःचं म्हणावं असं एक पान एकाही भाषेत नाही!

प्राध्यापक म्हणतात, आधी व्याकरण पक्कं होऊ द्या, लिहिण्याचं मग बघू. पंधरा वर्षं इंग्रजी शिकल्यावरही 'मग'च? आणि हा क्रमच उलटा आहे. स्वतः लिहायला बसलं की लेखकाने वाक्य कसं वळवलं ते शोधायला माणूस पुस्तकाकडे परत जातो. खरं वाचन तिथे सुरू होतं.

बाबूजी नाईकांच्या आश्रयाने याच बारामतीत राहिलेले मोरोपंत (१७२९–१७९४) संस्कृत नुसतं वाचून थांबले नाहीत. एकच रामकथा त्यांनी पुन्हा पुन्हा रचली. निरोष्ठ रामायणात तर ओठाला ओठ लागेल असं अक्षरच नाही. म्हणजे 'राम' हा शब्दसुद्धा वापरायची सोय नाही!

आपल्याकडेही हे होतं. अकबराच्या दरबारातला फैजी आग्र्यात जन्मला, अरबी ही त्याची मातृभाषा नव्हे. त्याने कुराणावर अख्खं अरबी भाष्य लिहिलं, नुक्ता असलेलं एकही अक्षर न वापरता. आज मदरशांत हरीरीच्या 'मकामात' वाचल्या जातात. त्याही असल्याच शब्दखेळांनी भरलेल्या. मौलानासाहेब, त्या वाचून झाल्यावर किती मुलांकडून अरबीत एक छोटी गोष्ट लिहून घेतलीत? सवाबासाठी नाझरा वाचणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. मी आलिम होणाऱ्यांबद्दल विचारतोय.

"वर्गात सत्तर पोरं, तपासणार कोण?" असंही ऐकवलं जातं. तपासू नका. एकमेकांना वाचून दाखवू द्या.

भाचीने शेवटी लिहिलं. दहा ओळी, चार चुका. मग नाटक पुन्हा उघडून बसली, कारण आईने दिलेल्या त्या रुमालावर नक्षी कसली होती हेच तिला आठवेना.