मुंग्यांचं घर आणि आमच्या सोसायटीचं फिनेल

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. लिफ्टची दुरुस्ती, पार्किंगची भांडणं (नेहमीचीच) आणि शेवटी एक नवीन विषय : 'जंतुमुक्त परिसर'. कुठल्याशा कंपनीचं कोटेशन आलंय. दर पंधरा दिवसांनी जिने, लॉबी, कचऱ्याची जागा, सगळीकडे औषधाचा धूर मारणार. वर्षाचे ८४,००० रुपये. कुणीतरी हळूच विचारलं, की याची खरंच गरज आहे का? तेव्हा सेक्रेटरी काका उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, एवढीशी मुंगी! तीसुद्धा आपलं वारूळ निर्जंतुक ठेवते. झाडाची राळ आणून औषध म्हणून घरात ठेवते. परदेशात संशोधन झालंय. आणि आपण माणसं..."

टाळ्या!

मी वाजवल्या नाहीत. कारण काकांना व्हॉट्सॅपवर जे संशोधन मिळालंय, ते योगायोगाने मीही वाचलंय, आणि त्यातून काकांच्या म्हणण्याच्या जवळजवळ उलटं निघतं. तेव्हा मात्र मी गप्प बसलो. सोमवारी रिलीज होतं, डोकं तिकडेच होतं. म्हणून आता इथे लिहितोय.

आधी एक खुलासा. आपल्याकडे माळावर किंवा कोकणात दिसतं ते मातीचं वारूळ मुंग्यांचं नसतं, वाळवीचं असतं. वाळवी हा वेगळाच कीटक, मुंगीपेक्षा झुरळाच्या जवळचा. (पावसाळ्यात त्या वारुळावर उगवणारी अळंबी म्हणजे वाळवीने आत पाळलेल्या बुरशीचीच फळं. गोव्यात लोक त्यांच्यासाठी भरपूर पैसे मोजतात. 'जंतू' म्हटलं की नाक मुरडणारेही दोनदा मागून खातात. असो.) काकांच्या मेसेजमधली मुंगी म्हणजे युरोपातली लाल रानमुंगी. पाइन-स्प्रूसच्या जंगलात ती वाळक्या सुया, काटक्या आणि राळेचे खडे रचून ढीग बांधते. हा ढीग माणसाच्या कमरेइतका, कधी त्याहूनही उंच असतो.

तर संशोधन. स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतात फॉर्मिका पॅरालुगुब्रिस नावाची जात आहे. लोझान विद्यापीठातले मिशेल शापुइझा, फिलिप क्रिस्ट आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं तिच्या मागे आहेत. एका ढिगात २० किलोपर्यंत राळ सापडू शकते. २००३ साली त्यांनी दाखवलं की जिथे राळ भरपूर, तिथे जिवाणू आणि बुरशी कमी. २००७ साली दाखवलं की घातक जिवाणूशी गाठ पडली तर राळेच्या संगतीतल्या मुंग्या आणि त्यांच्या अळ्या जास्त जगतात. २०१७ साली तर आणखी मजा कळली. मुंगी राळ नुसती आणून टाकत नाही, तिच्यावर आपलं फॉर्मिक आम्ल लावते, आणि हे मिश्रण बुरशीवर दोन्ही घटकांपेक्षा भारी पडतं. 

इथपर्यंत काकांचं बरोबर आहे. मुंग्या मेलेल्या बहिणींना उचलून घराबाहेर टाकतात, हेही खरं.

पण 'कमी' म्हणजे 'शून्य' नव्हे हो! आमचा सगळा देश याच एका जागी घसरतो. त्या ढिगात राळेइतकंच दुसरं काय आहे ते बघा. ओलसर, कुजणाऱ्या सुया. ओढून आणलेल्या किड्यांचे अवशेष. आणि या सगळ्यावर जगणारे अगणित सूक्ष्मजीव. हे सूक्ष्मजीव श्वास घेतात, सुया कुजवतात आणि त्यातून उष्णता निघते. बाहेर जंगलात वसंतातली कडाक्याची थंडी असताना मोठ्या ढिगाच्या पोटात २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान असतं. त्यातली काही उष्णता उन्हाची, काही मुंग्यांच्या स्वतःच्या शरीराची. पण ओलसर ढिगात मोठा वाटा सूक्ष्मजीवांचाही असतो. फॉर्मिका पॉलिक्टेना या जातीच्या ढिगातल्या साहित्याची उष्णता १९८० साली कॅलरीमीटर लावून मोजली गेली. पुढे यान फ्राउझ यांनी कोरड्या आणि ओल्या ढिगांच्या तापमानांची तुलना करून हेच चित्र आणखी स्पष्ट केलं. या उबेतच अळ्या-कोशांची वाढ होते. म्हणजे ज्यांना काका 'जंतू' म्हणतात, त्यांच्याच जिवावर मुंग्यांचं पाळणाघर चालतं.

आता त्या ढिगावर आमच्या कंपनीचा धूर सोडा. बुरशी मरेल, रोगजंतू मरतील, कोटेशनवरच्या जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे ९९.९ टक्के काम फत्ते. आणि आतली शेगडीही विझेल.

हे मी कल्पनेने लिहीत नाहीये. आमच्याच सोसायटीत झालंय. मागच्या बाजूला ओल्या कचऱ्याचा खताचा खड्डा आहे. जानेवारीत सकाळी झाकण काढलं की वाफ यायची. दोन महिन्यांपूर्वी बी विंगमधून वासाची तक्रार आली, आणि कमिटीने त्यात पाच लिटर फिनेल ओतायला लावलं. एकदा नाही, तीन रविवार. चौथ्या आठवड्यात झाडलोट करणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "दादा, खड्डा थंड पडलाय. कचरा तसाच्या तसा आहे, खालीच जात नाही." वास? वास तर दुप्पट! कारण कुजवणारेच मेले, कचरा रोज पडतोच आहे. त्या खड्ड्याचा खरा प्रॉब्लेम एवढाच होता की त्यात सुका पालापाचोळा घालायचं आणि तो वरखाली करायचं बंद झालं होतं. मुंग्या हे न कंटाळता करत असतात, ढिगाचं साहित्य सतत वरखाली. आम्ही ते काम बंद केलं आणि फिनेलचं बिल पास केलं.

जरा ९९.९ टक्क्यांचा हिशेब करू, आपल्याला जमतो तो. १० लाख जिवाणू होते, १,००० उरले. प्रयोगशाळेतल्या लाडाकोडात काही जिवाणू दर २० मिनिटांना दुप्पट होतात. दहा वेळा दुप्पट म्हणजे १,०२४ पट. म्हणजे ३ तास २० मिनिटांत पुन्हा १० लाख. जिन्यात एवढे लाड होत नाहीत, मान्य. पण धूर पंधरा दिवसांतून एकदा आहे, आणि जिन्यावरून चपला रोज जातात. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये, ऐन कोविडच्या धास्तीतही, सांगितलं होतं की बंद जागांमध्ये पृष्ठभागांवर सरसकट औषध फवारणं किंवा धूर मारणं करू नये. कोविडमध्ये नको होतं, ते आता कशासाठी?

आणि हे फुकटात पडत नाही. ट्रायक्लोसान आठवतंय? 'अँटिबॅक्टेरियल' साबणात असायचं ते. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ते आणि आणखी १८ रसायनं घरगुती हात धुण्याच्या साबणांतून बाद केली. कारण? साध्या साबण-पाण्यापेक्षा ती जास्त उपयोगी आहेत आणि रोज वापरायला सुरक्षित आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. ट्रायक्लोसान जिवाणूंच्या ज्या प्रकारच्या एन्झाइमवर घाव घालतं, त्याच प्रकारच्या एन्झाइमवर आयसोनियाझिड हे क्षयरोगाचं औषध काम करतं. क्षयाचे सगळ्यात जास्त रुग्ण असलेल्या देशात बेसिनच्या कडेला असल्या गोष्टीशी खेळायचं म्हणजे कमाल आहे.

आता दुसऱ्या पार्टीने खूश होऊ नये. 'बघा, सगळे जंतू आपले मित्र, साबण सोडा, इम्युनिटी वाढवा' वाली मंडळी आमच्या ए विंगमध्ये आहेत. त्यांच्यासाठी याच मुंग्यांचा २००८ सालचा निष्कर्ष : राळेच्या सान्निध्यात मुंग्यांची प्रतिकारयंत्रणा कमी वापरली जाते. कमी! बाहेरचं औषध काम करतंय, तर शरीराने तेवढा खर्च का करावा? मुंगी काढेवाली नाही, धूरवालीही नाही. हात साबणाने धुवा, पाणी उकळा, लस घ्या. यात माझं कुणाशी भांडण नाही.

काका यावर काय म्हणतील तेही मला माहीत आहे. "अरे, पण मुंग्या रोग यायच्या आधीपासूनच राळ आणतात ना? मग आपणही आधीच धूर मारू." मुद्दा चांगला आहे. २००८ सालीच असंही दिसलं की रोगजंतू आसपास असले म्हणून मुंग्या जास्त राळ आणत नाहीत, आणतात ती आधीपासूनच. पण ती राळ म्हणजे जागोजाग ठेवलेले खडे. पूर्ण ढीग राळेत बुडवलेला कुणी पाहिलेला नाही. तसे खडे आपल्याकडेही आहेत : बेसिनजवळचा साबण, संडासातला ब्रश, झाकण असलेली कचरापेटी. किंमत ८४,००० च्या बरीच खाली येते.

रविवारी पुन्हा मीटिंग आहे. मी विरोधात मत देणार, आणि सोबत एक उपसूचना मांडणार : त्या पैशातून खड्डा उलटवायला आठवड्यातून दोनदा माणूस लावा आणि दोन पोती सुका पाला आणा. मावशींनी आपणहून थोडा पाला घालायला सुरुवात केलीये, काल झाकण काढलं तर मधे जरासं कोमट लागलं. आणि काका, तुम्ही हे वाचत असाल तर एवढंच करा. एक तर मुंग्यांचं उदाहरण मागे घ्या, नाहीतर कोटेशन.