दूरचा भूतकाळ, जवळचा भूतकाळ

इटालियन शिकायला लागलं की काळाचे शब्द लवकर पाठ होतात. 'इएरी' म्हणजे काल, 'दोमानी' म्हणजे उद्या. आपल्या दखनीत दोन्हींना एकच 'कल'. मराठीने मात्र दोन्ही वेगळे ठेवले. 'चेरा ऊना वोल्ता' म्हटलं की गोष्ट सुरू होते, आपल्या आटपाट नगरासारखी.

मला विचारात पाडलं ते त्या भाषेतल्या दोन भूतकाळांनी. 'पस्सातो रेमोतो' म्हणजे दूरचा आणि 'पस्सातो प्रोस्सिमो' म्हणजे जवळचा. कवी दांते १२६५ मध्ये जन्मला, तिथे 'नाक्वे' हे क्रियापद येतं. समोर बसलेल्या माणसाच्या जन्माला मात्र 'ए नातो'. बोलताना उत्तर इटलीतले लोक बहुतेक जवळचाच वापरतात, सिसिलीत दूरचा अजूनही ऐकू येतो. पण व्याकरणाचा नियम असा की फरक नुसत्या वर्षांचा नाही. ज्याचा आजशी धागा तुटला तो दूरचा, ज्याचा परिणाम अजून चालू आहे तो जवळचा.

आपल्या सार्वजनिक चर्चेला ही कसोटी लावून बघा. आपण नेमकं उलटं करतो. सतराव्या शतकातल्या लढाया काल संध्याकाळी झाल्यासारख्या बोलल्या जातात आणि त्यांचा जाब आजच्या मुसलमान रिक्षावाल्याला विचारला जातो. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीबद्दल मात्र "झालं ते झालं, विसरा आता" असं ऐकवलं जातं. त्या दंगलीत बेपत्ता झालेल्यांचे वारस शोधून भरपाई द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावा लागला. मग जवळचा भूतकाळ कोणता?

इटालियनमध्ये म्हण आहे, 'आकुआ पस्साता नॉन माचिना प्यू', म्हणजे वाहून गेलेल्या पाण्यावर चक्की फिरत नाही. औरंगाबादची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात फकिरांसाठी पीठ दळलं जायचं, ते नहरीतून त्या घटकेला येणाऱ्या पाण्यावर.

ही म्हण आपल्यालाही लागू आहे. मुसलमानांनी सिसिलीवर ८२७ मध्ये स्वारी केली, १०९१ मध्ये त्यांचं शेवटचं ठाणं गेलं. 'झुक्केरो' म्हणजे साखर, 'कोतोने' म्हणजे कापूस, असे अरबीतून आलेले शब्द इटालियनमध्ये राहिले. वाचायला छान वाटतं. पण सिसिली, अंदलुस आणि मुघलांच्या आठवणीवर आपल्या मोहल्ल्यातल्या एकाही मुलीची फी भरली जात नाही. 'पिदरम सुलतान बूद' म्हणत बसणं हीसुद्धा वाहून गेलेल्या पाण्यावर चक्की फिरवण्याची धडपडच.

आणखी एक वाक्प्रचार आहे, 'मेत्तियामोची ऊना पिएत्रा सोप्रा', म्हणजे यावर दगड ठेवू या. भांडण मिटवताना तो वापरतात. मराठीत सांगायचं तर यातला कर्ता 'तुम्ही' नाही, 'आपण' आहे. एकाने हुकूम सोडायचा आणि दुसऱ्याने निमूट दगड उचलायचा, याला समेट म्हणत नाहीत. शेकडो वर्षांपूर्वीच्या लढायांवर आपण सगळ्यांनी मिळून दगड ठेवावा. ज्यांचा न्याय अजून बाकी आहे, त्यांच्या तोंडावर तो ठेवू नये.