पहिली जचकी आणि मुलीचा बाप

आमच्याकडे मुलीला सातवा महिना लागला की घरात पहिली चर्चा होते ती सतवाशाची. साडी कोणती, जेवण किती माणसांचे, सासरच्यांना कपडे कुणाकुणाला. सोलापूरकडच्या आम्हां मुसलमानांत हा दिवस फुलांनी, हिरव्या बांगड्यांनी, ढोलकीवरच्या गाण्यांनी साजरा होतो. आम्हांला त्याचा राग नाही. आम्हीही गजरा माळून त्या चौरंगावर बसलो आहोत आणि खूश होतो, खोटे कशाला बोला? शेजारच्या हिंदू घरात डोहाळजेवण, आमच्यात सतवासा. रीत या मातीतली आहे, अरबस्तानातून आलेली नाही.

पण त्या दिवशी ज्याची चर्चा होत नाही त्याच्याविषयी आम्हांला भांडायचे आहे. मुलीच्या अंगात रक्त किती आहे, हे त्या भरल्या घरात कुणाला ठाऊक नसते. खर्च कोण करतो आहे, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असते. म्हणूनच कुणी बोलत नाही.

पहिली जचकी माहेरची, हा आमच्यातला अलिखित कायदा. सतवासा बापाने करायचा, दवाखाना बापाने बघायचा, छट्टीला बाळाचे कपडे, पाळणा, चांदीचे वाळे, जावयाला अंगठी, सगळे बापाने. लग्नात जोडीची रक्कम घेतली नाही म्हणून जमातीत मान ताठ ठेवणारी घरेही हे सगळे मोजून घेतात. याला आम्ही हप्त्याने घेतलेला हुंडा म्हणतो. राग आला तर येऊ द्या.

आमची एक विद्यार्थिनी. दहावीला आमच्या वर्गात पहिली आली होती. लग्नानंतर दीड वर्षाने आठव्या महिन्यात सासरच्यांनी तिला एसटीत बसवून माहेरी पाठवले. बाप टॉवेलच्या कारखान्यात कामाला, आई विड्या वळते. तिची तपासणी झाली होती ती सासरच्या गावी. आशाताईंनी दिलेले कार्ड सासूच्या कपाटात राहिले, आणि लोहाच्या गोळ्यांची पाकिटेही. कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "रक्तगट?" आई बापाकडे बघते, बाप भिंतीकडे. तपासले तर हिमोग्लोबिन सातच्या खाली. गरोदरपणात ते अकराच्या वर हवे. रात्री दोन वाजता रक्तासाठी धावला तो बाप आणि त्याचा अकरावीतला मुलगा. नवरा? तो सकाळी आला, मुलगा झाला की मुलगी ते विचारत.

अल्लाहच्या कृपेने दोघी वाचल्या. दोघी म्हणजे आई आणि लेक. छट्टीला सासरहून चाळीस माणसे आली. त्यांतल्या एका बाईने पाळण्याला बोट लावून विचारले, "स्टीलचा नाही मिळाला?" आम्ही तिथेच बसलो होतो. आम्ही गप्प बसलो, याची लाज आज हा लेख लिहिताना वाटते आहे.

आता जे लोक प्रत्येक गोष्टीत दीन काढतात त्यांना आमचा प्रश्न आहे. बायकोचा नफका, म्हणजे तिचे खाणे, कपडे, राहणे, ही नवऱ्याची जबाबदारी, हे मदरशातल्या लहान मुलालाही माहीत असते. कुरआनमधल्या सूरह तलाकच्या सहाव्या आयतीचा आशय तर असा आहे की, तलाक दिलेली स्त्री गरोदर असेल तर ती बाळंत होईपर्यंत तिच्यावर खर्च करा. तलाक दिलेलीचा खर्च जर नवऱ्यावर, तर निकाहात असलेलीचा तिच्या बापावर कोणत्या हिशोबाने? मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' आपण मुलीच्या सामानात आवर्जून ठेवतो. पहिले मूल बापाच्याच घरी व्हावे हा हट्ट आणि त्यापायी प्रवास झेपतो की नाही हे न बघता तिला पाठवणे, यावर त्या पुस्तकात शंभर वर्षांपूर्वी टीका झाली आहे. पण पुस्तक ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली सासूकडे!

कुणी म्हणेल, माहेरी मुलीला आराम मिळतो, आईच्या हाताला माया असते. खरे आहे. आम्हीही आईकडेच गेलो होतो, आणि पुन्हा जाऊ. मुलीला जायचे असेल तर जरूर जावे, लवकर जावे, कार्ड आणि गोळ्या घेऊन जावे. आमचे भांडण मुक्कामाशी नाही, बिलाशी आहे. आणि त्याहून जास्त, हात झटकून मोकळ्या होणाऱ्या नवऱ्याशी आहे.

जन्मापूर्वी कपडे आणू नयेत, नजर लागते, असे आमच्या नानी म्हणत. नका आणू. जुन्या सुती लुगड्याची दुपटी धुऊन, उन्हात वाळवून ठेवा, तेवढे पुरे. पण रक्त देणारी दोन माणसे ठरवून ठेवली तर कुणाची नजर लागत नाही. रात्री-बेरात्री गाडी कुणाची हे ठरवायला, 102 आणि 108 हे आकडे भिंतीवर लिहायला पैसे लागत नाहीत. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधे, रक्त, आईचे जेवण, जाण्यायेण्याचे वाहन, सगळे फुकट आहे. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला तिथे गरोदर बायांची खास तपासणी होते. तरी 'सरकारीत नेले तर सासरचे काय म्हणतील' म्हणून बाप व्याजाने पैसे काढून खाजगीत नेतो. ही इज्जत कुणाची, आणि ती फेडतो कोण?

शिक्षिका म्हणून आणखी एक सांगतो. दवाखान्यात जन्माचा फॉर्म भरतो नाना किंवा मामू. जावयाचे पूर्ण नाव कसे लिहितात ते त्यांना ठाऊक नसते. आईचे आडनाव कधी माहेरचे, कधी सासरचे. सहा वर्षांनी तो दाखला आमच्या टेबलावर येतो तेव्हा आधारवर 'शेख', दाखल्यावर नुसते 'बाबू'. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा हाच दाखला पुरावा आहे. 21 दिवसांत नोंद, तीही बापाने स्वतः उभे राहून अक्षर न् अक्षर वाचून करावी, इतके मागणे जास्त आहे का? आपल्या माणसांना कागदासाठी किती हेलपाटे घालावे लागतात, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

आमच्या भाचीला परवा आठवा महिना लागला. सतवासा झाला, जेवण झाले, फोटोही झाले. आम्ही तिच्या नवऱ्याला फोन करून म्हटले, "दामाद, तुमचा रक्तगट कोणता? लिहून ठेवते." मुलगा इंजिनिअर आहे. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "खालाजान, अम्मीला विचारून सांगतो."

आम्ही त्याला जुम्म्यापर्यंतची मुदत दिली आहे.